हाकेच्या अंतरावर

“नाव ठिवलंय ना त्याला? मग हाकेला का येत न्हाई?”

एवढंच विचारलं होतं तिने. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, हातातली काठीही उगारली नाही. गेल्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला आहे. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत उभी असते तेव्हा, दिंडोरी नाक्याला गाडी अडकते तेव्हा, आणि रात्री माझा कुत्रा ब्रुनो पायाशी येऊन मुटकुळं करून झोपतो तेव्हा तर हमखास ती बाई डोळ्यांसमोर येते. डोक्यावर पदर, त्यावरून काळी घोंगडी, आणि नजर कालव्याच्या भरावापलीकडे, जिकडे तिची मेंढरं पांगली होती तिकडे. बोलताना तिने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. प्रश्न मात्र मलाच होता.

आम्ही नाशिकला मखमलाबादच्या बाजूला राहायला आलो तेव्हा गॅलरीतून द्राक्षांचे मळे दिसायचे. फवारणीचे ट्रॅक्टर पहाटेच घरघरायला लागत आणि औषधाचा उग्र वास खिडक्या लावल्या तरी आत येई. आता मळे मागे सरकले आहेत. मधल्या जागेत एन.ए., म्हणजे बिगरशेती प्लॉटांचे चौकोन पडलेत. सिमेंटचे खांब, एखाद्या बाजूला काटेरी तार, मालकाचं नाव रंगवलेली पत्र्याची पाटी आणि आत कमरेएवढं गवत. हे गवत कुणाचंच नाही, असं आम्हा नव्या रहिवाशांना वाटतं. पण दिवाळी सरली की पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतून धनगरांचे वाडे, म्हणजे कळप घेऊन फिरणारी बिऱ्हाडं, निघतात. घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, रात्री मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या जाळ्यांची गाठोडी, त्यावर पाय बांधून बसवलेल्या कोंबड्या, आणि दोन दिवसांपूर्वी जन्मलेली कोकरं, ज्यांना अजून चालणं झेपत नाही. त्यांच्या वाटा आमच्या बिल्डिंगांच्या आधीच्या आहेत. जिथे आमचं पार्किंग आहे तिथे एके काळी रात्रीची मेंढरं बसत असतील, आणि शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात वाड्याला धान्य नाहीतर पैसे देत असेल. ते आजही त्याच अदमासाने येतात, आणि वाट अडली की जो प्लॉट मोकळा दिसेल तिकडे वळतात.

त्या सकाळी धुकं होतं. पौषातली थंडी, कालव्याच्या पाण्यावरून वाफ उठत होती आणि वीस पावलांवरची बाभूळ म्हणजे नुसता एक डाग. शेवटच्या बिल्डिंगनंतर कालव्याकडेचा मातीचा रस्ता लागतो. तिथे मी रोज ब्रुनोच्या गळपट्ट्याचा हूक काढायचे. तीन वर्षं हा आमचा नेम होता. हूक सुटल्याचा बारीक आवाज झाला की तो कानांपासून शेपटीपर्यंत अंग झटकायचा, आणि माझ्याही खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं. घर, ऑफिस, सासूबाईंची औषधं, सगळं त्या खटक्याबरोबर तासाभरासाठी मागे पडायचं. ब्रुनो लॅब्रेडॉर आहे, बत्तीस किलोंचा. शेजारची दोन वर्षांची पोर त्याच्या कानात बोट घालते तरी हूं की चूं करत नाही. फटाक्यांना घाबरून बाथरूममध्ये जाऊन बसतो. अशा कुत्र्यापासून कुणाला काही होऊ शकतं, हा विचारच माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

आधी वास आला. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा आणि विझत आलेल्या चुलीच्या धुराचा. मग कुठेतरी एक घंटा किणकिणली. मग धुक्यातून एकेक काळा-करडा आकार सुटा होऊ लागला. ब्रुनो थबकला. पुढचा एक पाय उचललेला, मान पुढे, तोंड मिटलेलं, नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग एका रेषेत ताणलेलं. मला ते देखणं वाटलं. फोटो काढावा म्हणून मी खिशातला मोबाइल चाचपला. तेवढे पाच-सहा सेकंद माझ्या हातात होते, हे मला फार उशिरा, दुसऱ्या कुणीतरी समजावून सांगितल्यावर कळलं.

मग तो धावला.

भ्यालेली मेंढरं ओरडत नाहीत. हे मला ठाऊक असायला हवं होतं, माझं लहानपण खेड्यात गेलंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते अंगावर आलं. दीड-दोनशे जनावरं एकाच वेळी वळली आणि त्यात बें असा एक सूर नव्हता. फक्त खुरांचा आवाज, पत्र्यावर ज्वारी ओतावी तसा. कळप एका बाजूला लोंढ्यासारखा गेला, प्लॉटच्या तारेवर आपटला, तिथून फुटला आणि दोन्हीकडे वाहत सुटला. मी हाका मारत होते. ब्रुनो, ब्रुनो, इकडे, ब्रुनो नाही! त्याच्या आवडत्या बिस्किटाचं नाव घेतलं. शेवटी नुसतीच किंचाळले. एका मुलाने काठी फेकली ती हवेत गरगरत कुठेतरी पडली. वाड्याकडून त्यांची दोन कुत्री भुंकत आली, बारीक अंगाची, कान फाटलेली, आणि ती अंगावर येताहेत असं दिसल्यावरच ब्रुनो माघारी फिरला. जीभ बाहेर, डोळे चमकत, शेपटी नुसती भिरभिरत होती. त्याला इतक्या आनंदात मी क्वचितच पाहिलं असेल. त्या आनंदाचं काय करायचं ते मला अजूनही कळत नाही. मी थरथरत्या हाताने हूक लावला, तेवढ्यात ती बाई भरावावरून खाली उतरली, आणि मी घाईघाईने म्हणाले, “तो काही करत नाही हो मावशी. दातसुद्धा लावला नाही त्याने कुणाला.”

त्यावर तिने तो प्रश्न विचारला. आणि उत्तरासाठी थांबलीही नाही. मेंढरं मोजायची होती.

दोन रात्री मला नीट झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जखमेवर मारायचा स्प्रे आणि साखर-चहापत्तीचं पाकीट घेऊन मी एकटीच वाड्यावर गेले. पाकीट नेताना आपण माणुसकीने वागतोय असं कुठेतरी वाटत होतं, ते लपवत नाही. वाघूर लावून झाली होती, जाळीच्या आत मेंढरं दाटीने बसत होती. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी चालली होती. तारेने ओरखडलेल्या मेंढ्या बघायला मी आले होते, पण बाईने मला जाळीच्या दुसऱ्या कडेला नेलं. तिथे दोन मेंढ्या वेगळ्या बसल्या होत्या, माना खाली घालून. “गाभडल्या,” ती म्हणाली. एक काल रात्री, एक आज पहाटे. पाच महिन्यांचा गाभ असतो मेंढीचा, या दोघींना चौथा लागला होता. टाकलेला गाभ त्यांनी बाभळीखाली खोल खड्डा करून पुरला होता, वर दगड ठेवले होते. मी दगडांकडे बघतेय असं पाहून तिच्या नवऱ्याने सांगितलं, “आपल्याच कुत्र्यांना चटक लागाया नको.” ज्यांचं नुकसान झालं होतं ते माझ्या कुत्र्यावर नव्हे, स्वतःच्या कुत्र्यांवर पहारा ठेवत होते.

मग तो सहज म्हणाला, “बिबट्यानं नेलं असतं तर पंचनामा तरी झाला असता, ताई.”

नाशिककरांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. आपल्याकडे उसात बिबटे वाढतात, आणि बिबट्याने शेळी-मेंढी मारली तर वनखात्याचा माणूस येऊन पंचनामा करतो, नियमाप्रमाणे भरपाई मिळते. उशिरा, खेटे घालून, पण तसा एक कागद असतो. फ्लॅटमधल्या पाळीव लॅब्रेडॉरने कळप पळवला, त्यात दोन कोकरं जन्मायच्या आधी गेली, याचा कागद कुठला? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यात कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी ते कलम शब्द न शब्द वाचलं. त्यात धोका आहे तो माणसाच्या जिवाचा, माणसाला होणाऱ्या गंभीर दुखापतीचा. मेंढीचा उल्लेख नाही. जनावर मारण्या-जायबंदी करण्यासाठी ३२५ वं कलम आहे, पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते, आणि माझा तर हेतू फोटो काढायचा होता. राहिला दिवाणी दावा. जो वाडा पुढच्या आठवड्यात पेठ रस्त्याला असेल आणि त्यापुढे आणखी कुठे, त्याने नाशिकच्या कोर्टात कुठल्या तारखेला यायचं?

इंग्लंडमध्ये असलेल्या माझ्या मामेभावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, इकडे मेंढ्यांच्या कुरणाच्या प्रत्येक फाटकावर पाटी असते, कुत्रा दोरीला ठेवा म्हणून. तिथे १९५३ सालचा कायदा आहे, खास याच गोष्टीसाठी. त्याची व्याख्या मी शोधून वाचली आणि वाचतानाच अंगावर काटा आला. कुत्र्याने चावणं हा तिथे गुन्हा आहेच, पण जनावरांना इजा होईल, त्यांचे हाल होतील, किंवा गाभण माद्या गाभडतील अशा तऱ्हेने नुसतं पाठलाग करणं, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. इतकंच काय, मेंढ्या असलेल्या शेतात कुत्रा दोरीला नसेल आणि जवळून काबूतही नसेल, तर तेवढंही पुरतं. ‘दातसुद्धा लावला नाही’ या माझ्या वाक्याला तिथे काडीची किंमत नसती.

आमच्या पशुवैद्यांनी ते वेगळ्या शब्दांत सांगितलं. मेंढीच्या लेखी मागे लागलेला कुत्रा आणि लांडगा यांत फरक नाही. ती जिवाच्या आकांताने पळते, पोटातलं ओझं घेऊन पळते, अंगावर अंग आदळतं, आणि गाभ त्याच दिवशी टाकला जाईल असंही नाही. काही जनावरं वरून धडधाकट दिसतात आणि एक-दोन दिवसांनी मान टाकतात. त्या वेळी कुत्रा घरी पंख्याखाली झोपलेला असतो आणि मालकाला वाटतं, काही झालं नाही. जाता जाता डॉक्टरांनी ब्रुनोला जंताचं औषध वेळच्या वेळी देता ना, हेही विचारलं. कुत्र्याच्या पोटातल्या एका पट्टकृमीची अंडी विष्ठेतून चरायच्या गवतावर पडली तर ती मेंढीच्या पोटात जातात, त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत जाऊन गाठ करतात, मग मेंढी एकाच जागी गरगर फिरत राहते. रोज सकाळी त्याच प्लॉटांच्या कडेला मी त्याला शी करायला थांबवत होते. उचलत होते फक्त बिल्डिंगच्या आवारात.

पैशांचंही सांगायला हवं. मी पाकिटातून पाच हजार काढून पुढे केले. बाईने हात पुढे केला नाही. तिच्या नवऱ्याने हिशेब मांडला. कोकरू अमुक महिन्यांत एवढं होतं, बाजारात त्याचे एवढे येतात, दोन कोकरं, शिवाय त्या मेंढ्यांचं यंदाचं दूध गेलं, आणि एक पुन्हा गाभण राहील की नाही सांगता येत नाही. त्याने बारा हजार मागितले. माझ्या तोंडून निघून गेलं, “अजून जन्मलीसुद्धा नव्हती ना?” ब्रुनोला आणला तेव्हा तो दीड महिन्याचा होता, त्याचे मी अठरा हजार मोजले होते, आणि महिन्याला त्याच्या खाण्याची पिशवी चार हजारांची येते. तिथे मी घासाघीस करत उभी होते. शेवटी नऊ हजारांवर मिटलं, मी मोबाइलवरून पाठवले, त्याच्या मुलाच्या फोनवर टिंग वाजलं. कुणीच समाधानी नव्हतं. राहिलेले तीन हजार माझ्या खात्यात आहेत आणि ते मला टोचतात. वाडा दुसऱ्या दिवशी हलला होता. तो मुलगा त्या नंबरवर अजूनही असेल, मी मेसेज लिहिते आणि पुसते.

सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी असा व्यवहार मी लहानपणी पाहिला होता. आजोबांच्या सहा-सात शेळ्या होत्या, संगमनेरी, आणि एका वळवाच्या दुपारी शेजारच्या वस्तीवरच्या कुत्र्याने आमचं करडू धरलं. पांढरं, कपाळावर तांबडा ठिपका असलेलं. आजीने त्याला पदराखाली घेऊन मांडीवर ठेवलं, ते तासाभरात गेलं. आमच्याकडून कुणी भांडायला गेलं नाही. दिवस कलल्यावर कुत्र्याचा मालक स्वतः आला, काखेत त्याच्या शेळीचं एक करडू. ते त्याने अंगणात सोडलं, ओट्यावर बसला, पाणी प्याला. आजोबांनी त्याला तंबाखूची चंची दिली. दोघं बराच वेळ पावसाबद्दल बोलले. उठताना तो म्हणाला, “उद्या लोढणं घालतो.” आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून त्या कुत्र्याच्या गळ्यात दोरीने बांधलेला लाकडाचा ओंडका आला. ओढाळ गुराच्या गळ्यात घालतात तसाच. पळू लागला की तो ओंडका पुढच्या पायांवर आपटायचा. मला तेव्हा त्या कुत्र्याची दया यायची. शाळेतून येताना मी त्याला लपवून भाकरी टाकायचे आणि मालकाला मनातल्या मनात दुष्ट ठरवायचे. मेलेल्या करडाचा चेहरा मी तोवर विसरलेही होते. जे जनावर समोर शेपटी हलवतं त्याच्याकडे मन जातं, हे माझं तेव्हापासूनचं असावं.

लोढणं शब्दावरून ओढाळ, आणि ओढाळवरून कोंडवाडा आठवला. आमच्या गावात पडक्या भिंतींचा कोंडवाडा होता, दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं तिथे नेऊन डांबायची आणि मालकाने दंड भरून सोडवून न्यायची. यामागे १८७१ सालचा कायदा आहे. त्यात ‘गुरं’ म्हणजे काय याची लांबलचक यादी दिली आहे. हत्ती, उंट, म्हशी, घोडे, गाढवं, डुकरं, मेंढ्या, कोकरं, शेळ्या, करडं, सगळी आहेत. कुत्रा नाही. म्हणजे धनगराचं कोकरू कुणाच्या कांद्यात शिरलं तर त्याचा बंदोबस्त दीडशे वर्षांपासून लिहून ठेवलाय, आणि एरवीही धनगर असा प्रसंग आला की बांधावर उभा राहून शेतकऱ्याच्या शिव्या ऐकतो, पैसे मोजतो, रात्रभर मेंढ्या फुकट बसवून देतो. दोनशे तोंडं घेऊन पिकांमधून जाणाऱ्या माणसाला आपल्या प्रत्येक जनावराचा जबाब द्यावा लागतो. माझ्याकडे एकच होतं.

या भागात खंडोबाचं नाव घेतल्याशिवाय मेंढरांची गोष्ट पुरी होत नाही. माझ्या माहेरच्या देव्हाऱ्यात खंडोबाची जुनी तसबीर आहे, काचेला बुरशी धरलेली. घोड्यावर देव, पुढ्यात म्हाळसा, आणि घोड्याच्या पायांशी पळणारा कुत्रा. बानूसाठी हा देव धनगराच्या घरी चाकरीला राहिला, तिची मेंढरं राखली, ही कथा आजी सांगायची तेव्हा मला त्यातलं प्रेमच तेवढं दिसायचं. आता परवा माहेरी गेले तेव्हा तसबिरीतल्या कुत्र्याकडे नीट पाहिलं. घोडा चौखूर उधळलेला आहे आणि कुत्रा त्याच्या खुरांबरोबर आहे, हाताच्या अंतरावर. ज्या घरात मेंढरंही आहेत आणि कुत्राही, तिथला कुत्रा असाच असणार. त्या वाड्यावरची फाटक्या कानांची दोन कुत्रीही तशीच होती. रात्री मेंढरांना खेटून झोपलेली मी त्यांना पाहिली, एक कोकरू त्यातल्या एकाच्या पाठीवर हनुवटी ठेवून रवंथ करत होतं. त्यांना कुणी बिस्किटं देऊन शिकवलं नव्हतं. पिल्लू असल्यापासून ती मेंढरांतच वाढली होती.

ब्रुनोला मात्र शिकवावं लागलं, आणि त्याहून जास्त मला. फेब्रुवारीत एका प्रशिक्षकाकडे जायला लागले. त्याने पहिल्याच दिवशी हूक काढायला बंदी केली आणि दहा मीटरची सुती दोरी हातात दिली. घरात, जिन्यात, बागेत कुत्रा हाकेला येतो, ती हाक वेगळी, तो म्हणाला. समोर पळणारं जनावर असताना येतो का, तेवढीच हाक खरी. पाठलाग हेच कुत्र्याचं बक्षीस असतं, एकदा धावून मजा आली की दुसऱ्यांदा तो तुमचं बिस्किट कशाला बघेल? आणि टक लावून बघणं हा शेवटचा क्षण. अंग ताठ झालं, तोंड मिटलं, की लगेच हाक, लगेच दोरी. त्यानंतर कान बंद होतात. माझे ते पाच-सहा सेकंद मला तिथे, त्या मैदानावर परत भेटले. आणखी एक गोष्ट त्याने घोटून घेतली. नावाने एकदाच हाक मारायची. दहा वेळा मारलेली हाक कुत्रा दहाव्यांदा ऐकायला शिकतो, आणि जिथे दोरी हातात नाही तिथे हाक मारून ती फुकट घालवायची नाही. मी तीन वर्षं ‘ब्रुनो’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा उच्चारत होते. लाडाने, रागाने, फोनवर बोलता बोलता. त्याच्या लेखी ते नाव उरलंच नव्हतं, पंख्याच्या आवाजासारखं ते नुसतं घरात चालू असायचं. त्या बाईने एका वाक्यात नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

दोरीलाही एक अपवाद आहे, तो मी मुद्दाम लिहून ठेवते. गोदावरीच्या काठाने फिरताना रेडकू असलेली म्हैस समोर आली आणि ती कुत्र्यावर चालून आली, तर दोरी सोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. कुत्रा निसटतो, म्हैस त्याच्या मागे जाते. दोरी धरून त्याला जवळ ओढणाऱ्या माणसाला ती तुडवते.

सकाळी कालव्यावर येणाऱ्या आम्हा सात-आठ कुत्रेवाल्यांचा एक घोळका आहे. मी त्यांना हे सगळं सांगितलं. एकीने माझा हात दाबला. एक काका म्हणाले, हे लोक पैसे काढायला असं काहीतरी सांगतातच, मेंढी काय कशानेही गाभडते. त्यांच्याकडे हस्की आहे, निळ्या डोळ्यांचा, आणि तो अजूनही मोकळा फिरतो. मी वाद घातला, चिडले, दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं. त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं ठरवायला माझ्याकडे पुरावा नाही, त्या दोघी ब्रुनोमुळेच गाभडल्या हे कुठल्या प्रयोगशाळेने लिहून दिलेलं नाही. पण मी त्या तारेपाशी उभी होते. त्या कशा आपटल्या ते मी पाहिलंय. आजकाल कुत्र्यांवरून जे वाद पेटतात ते सगळे भटक्या कुत्र्यांचे, कुणी खायला घालायचं, कुणी उचलून न्यायचं. त्यात आम्ही गळपट्टेवाले नामानिराळे राहतो. आमच्या कुत्र्यांना रेबीजची लस आहे, घर आहे, नाव आहे. म्हणूनच तर त्यांच्या धावण्याचं उत्तर देणारं माणूसही आहे, आणि ते सकाळी सात वाजता मोबाइलमध्ये बघत चाललेलं असतं.

यंदा पाऊस लांबला. तो प्लॉट विकला गेला, तिथे आता खड्डे खणून लोखंडी सळया उभ्या आहेत, बाभूळ तोडली आहे. त्या दगडांचं काय झालं ते मी बघायला गेले नाही. दिवाळीनंतर रोज सकाळी कान देऊन चालत होते, पण आमच्या बाजूला कुणी आलं नाही. मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, अशाच धुक्यात, कालव्याच्या पलीकडच्या काठावर घंटा वाजली. ब्रुनोला माझ्याआधी ऐकू आली. दोरी तळहातात सरकन ताणली गेली, त्याचं तोंड मिटलं. मी एकदाच हाक मारली. त्याने मान वळवली नाही. एक कान मात्र मागे आला, आणि थोड्या वेळाने, फार नाराजीने, तो माझ्या पायाशी येऊन बसला. सगळं अंग थरथरत होतं, नजर पलीकडेच. मी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन उभी राहिले. मागून एक दुचाकीवाला हॉर्न वाजवत आला, त्याला हाताने थांबवलं. कळप जायला बराच वेळ लागला. पुढे घोडी, मग मेंढरांचा काळा पट्टा, मग मागे राहिलेली दोन-चार कोकरं आणि त्यांना हाकत एक बाई. घोंगडी तशीच, पण धुक्यात चेहरा दिसत नव्हता. ती थांबली. पाण्यापलीकडून हाक आली, “बांधलंय ना?”

“बांधलंय,” मी ओरडून सांगितलं आणि दोरी तिला दिसेल अशी हात उंच करून धरली. ती कोकरांच्या मागे निघून गेली.